नानांचा गुप्त नंबर

आता मोबाईलवर रोज बजावतात ना, ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून? आमच्या राहुरीच्या नानाकाकांना ही अक्कल नव्वदच्या दशकातच आली होती. घरात फोन आला आणि त्यांनी एसटीडीला लगेच लॉक लावून टाकलं. चार आकड्यांचा गुप्त नंबर, काकूलासुद्धा सांगितला नाही. कारण काकूची बहीण पुण्याला, आणि दोघी बोलायला लागल्या की इकडे भाजी करपायची.

एका सकाळी फोन वाजला. टेलिफोन ऑफिसातला माणूस म्हणे, गुप्त नंबर तपासायचाय, तेवढा सांगा.

"वा रं वा! मी न्हाई सांगनार. तुमी ऑफिसातलेच कशावरून? तुमीच वळखा, मी बरोबर का चूक ते सांगतो."

फोनवर ओरडूनच बोलायचं असतं, अशी नानांची समजूत.

"पयला आकडा चार? चूक! पाच? चूक! सहा? हां, बरोबर! आता दुसरा?"

काकू चहा गाळता गाळता ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होती.

शेवटचाही आकडा जुळला. "पास झाला तुमी! खरे ऑफिसातले हाय," म्हणत नानांनी फोन ठेवला आणि ऐटीत मळ्याकडे गेले.

दुपारी परत येतात तर काकू फोनवर खिदळतेय. "अगं ताई, आपल्या दादाचा आवाज वळखला न्हाई त्यांनी!"

नाना उंबऱ्यातच थिजले. "आन् ह्ये लॉक उघडलं कसं? म्या तर त्याला एकबी आकडा सांगितला न्हाई!"