तात्या परबांचं धनुष्य

आमच्या लालबागच्या चाळीतल्या तात्या परबांच्या धनुष्याचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं? ते भिंतीवर टांगलेलं असायचं. "माझ्या पणज्यान ह्या धनुष्यान वाघ मारल्यान," हे ऐकल्याशिवाय तिथे चहा मिळत नसे.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत एक हवालदार हत्यारं शोधत खोल्या तपासू लागला. हत्यार सापडलं की माणूस गाडीत. तो तात्यांकडे शिरला, म्हणून मीही शिरले.

"हे हत्यार कोणाचं?"

"हत्यार कसलं, साहेब? कापूस पिंजायची धनुकली ती," तात्या घाम पुसत म्हणाले.

"पिंजारी का तुम्ही?"

"पिढीजात, साहेब."

हवालदार गेला. गोष्ट चाळभर कशी झाली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी मी गादी घेऊन गेले तर तात्यांच्या दारात आधीच चार गाद्या.

म्हटलं, "तात्या, वाघ मारून झाला असेल तर एवढी पिंजून द्या."