मिलिंदचा बिनक्लोरीनचा टब

मिलिंदच्या हॉट टबाचं तुम्हाला सांगितलं नाही का मी? आमच्या ऑफिसातला मिलिंद साठे. प्रमोशन मिळालं तसा त्याने बेहाला भागातल्या आपल्या घरी गच्चीवर टब बसवला. कोलकात्याच्या उकाड्यात गरम पाण्यात बसायचं, हे एक वेळ सोडा. पण त्यात क्लोरीन घालायचं नाही म्हणे.

"विष असतं ते. आपले पूर्वज घालायचे का क्लोरीन?"

पूर्वज हॉट टबात बसत नव्हते, हे त्याला कोण सांगणार?

त्याने पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला, तांब्याची कळशी बुडवली, तुरटी फिरवली, आठवडाभर सगळं मुरू दिलं आणि रविवारी आम्हाला टॉवेल घेऊन बोलावलं. पाणी हिरवंगार. आमच्यातला एकजण मोजे काढेना.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून लाहिडीबाबू डोकावले. "साठेबाबू, तालाब बढ़िया बनाया. मछली नहीं छोड़ा?"

"तालाब नहीं, हॉट टब है. पानी एकदम शुद्ध है."

बाबूंनी वाकून पाहिलं. "तो ये मच्छर का बच्चा लोग किसका है?"

आणि डेंग्यू नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हौदातले गप्पी मासे आणून टबात सोडले.

परवा गेलो, तर पाणी नितळ. मिलिंद म्हणतो, "बघ, शेवटी नैसर्गिक उपायच चालतो."

वहिनी चहाचा कप पुढे करत शांतपणे म्हणाल्या, "मासे शिजतील म्हणून हीटर बंद आहे. हा बाथरूममध्ये बादलीने आंघोळ करतो. हा टबात उतरायचा थांबला, तेव्हापासून पाणी स्वच्छ आहे."