पाण्याखाली रेंज नसते

हॅलो?… हॅलो? कोण?… पुष्कर? जरा मोठ्यानं बोल, घरात माणसं आहेत.

हो, ताईच बोलतेय.

हो… हो. स्वरालीनं सांगितलं ते खरं आहे. बाबा गेले. आज पहाटे, उजाडायच्या आधी.

…

आहेस ना लाइनवर?… बरं. रड. थांबते मी.

…नाही रे, मी नाही रडत. वेळच कुठे झालाय? पहाटेपासून हॉस्पिटल, मग दाखला, मग अ‍ॅम्ब्युलन्स. ती कसब्यातल्या आपल्या बोळात शिरते का? कोपऱ्यावरून चौघांनी हातांवर आणलं त्यांना. खालच्या तांबटांनी दुकान बंद ठेवलंय, ठोकाठोक नाही आज. चमत्कारिक वाटतंय.

हो, घरीच आहेत. बाहेरच्या खोलीत. सलिलकाका आहेत, सुशीलाबाई आहेत. दोन वर्षं बाबांचं सगळं केलं त्या बाईंनी, आता पायाशी बसून आहेत. उठवत नाही माझ्याच्यानं.

तू कुठे आहेस?… बेटावरच? अजून? मी स्वरालीला सांगून किती वेळ झाला! मला वाटलं विमानतळावरून बोलतोयस… तिकिटं शोधत होतास. बरं. मग, मिळालं?

…काय बसता येत नाही? विमानात?… हळू सांग. मला कळेल असं सांग.

हं… हं… पाण्यात खोल गेलं की रक्तात नायट्रोजन साठतो… बरं… आणि लगेच विमानात चढलं तर… हो, कळलं. जिवावर बेतू शकतं. एक अख्खा दिवस थांबायला लागतं. म्हणजे आज दिवसभर तू हलू शकत नाहीस. पुढे विमानं बदलत बदलत… परवा.

नाही, खोटं कशाला वाटेल? जिवाशी खेळ असं मी म्हणेन का? घरात एक झालंय तेवढं पुरे.

कोणी थांबायचं?… बाबांनी?

हो, काकाही सकाळपासून तेच म्हणतायत. मुलगा आल्याशिवाय अग्नी कोण देणार, शवागारात ठेवू दोन दिवस… नाही. नाही ठेवणार मी. आई गेली तेव्हा बाबा काय म्हणाले होते? ‘माझ्या वेळी मला ताटकळत ठेवू नका.’ तुझ्यासमोर म्हणाले होते.

मी देतेय अग्नी… हो, मीच. काकांना पटलेलं नाही, तुलाही नको पटू दे.

काय?… मी वेळेवर कळवलं नाही?

पुष्कर, परत म्हण.

अरे ऐक ना. ऐक. काल संध्याकाळी त्यांना अ‍ॅडमिट केलं, तुझ्याकडे सकाळ होती. मी काय लिहिलं होतं? ‘बाबा आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणतात जवळच्यांना बोलावून घ्या. लगेच फोन कर.’ आणि तू काय पाठवलंस? उघड. उघडून बघ आत्ता. मी थांबते.

…काय आहे?

अंगठा. हो. पिवळा अंगठा.

बोट सुटत होती, घाईत वाचलंस. बरं… हो, गेल्या वर्षीसारखं वाटलं तुला. मान्य आहे. गेल्या वर्षी तू ह्यूस्टनहून धावत आलास आणि बाबा पलंगावर बसून पोहे खात होते. ‘कशाला आलास, सुट्टी फुकट घालवलीस’ म्हणाले. लागलं होतं तुला, मला माहितीय. म्हणून यंदा वाटलं असेल, ताई उगाच घाबरवतेय. तेवढं समजून घेतलं मी.

नाही, त्यांना राग कसला! उलट गल्लीभर सांगत होते. ‘आमचा पुष्कर समुद्राच्या तळाशी जाणार.’ नातवंडांचा अ‍ॅटलस काढून बेट शोधलं त्यांनी. बोनेअर म्हणता यायचं नाही, ‘बोन्या’ म्हणायचे. तुझं ते सांगणं पाठ झालं होतं त्यांना. शांत बेट, गर्दी नाही, अख्ख्या बेटावर ट्रॅफिकचा एक सिग्नल नाही. आल्यागेल्याला ऐकवायचे.

…शांतच आहे ना?… चांगलंय. इथे शववाहिका बोळाच्या तोंडाशी उभी आहे, मागे रिक्षावाले हॉर्न वाजवतायत. ऐकू येतंय का?

हां. तर मी नंतर फोन केले तुला. चार-पाच केले असतील… हो, पाण्यात होतास. पाण्याखाली रेंज नसते, तेवढं मला कळतं. पण दुपारी वर आलास ना?… जेवलास?… मग मिस्ड कॉल दिसले असतील.

साधं विचारतेय रे. दिसले की नाही?

…

दिसले.

मग?

स्वरालीला मध्ये घालू नकोस. तिला माहीतच नव्हतं, मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं तिला. ‘अ‍ॅडमिट होते?’ असं मलाच विचारत होती. म्हणजे बायकोलाही बोलला नाहीस.

आणि मी पहाटे फोन केला तेव्हा? तुझ्याकडे संध्याकाळ उलटून गेली असेल… पाण्यात? अंधारात?… टॉर्च घेऊन. तीही बुडी असते का, रात्रीची?… बरं.

थांब. थांब जरा, मला नीट लावू दे. दुपारी माझे कॉल बघितलेस. आणि रात्री परत उतरलास… ती रात्रीची बुडी मारली नसतीस, तर आज दुपारचं विमान मिळालं असतं ना तुला?

नायट्रोजनचं नको सांगूस, ते कळलंय मला. मिळालं असतं की नसतं?

…

हं.

काय म्हणालास? परत बोल, आवाज तुटतोय… भीती वाटली. कसली?… फोन केला तर मी काहीतरी सांगेन याची.

म्हणजे खाली कोणी सांगायला येत नाही, म्हणून उतरलास.

छान. मलाही उतरायला आवडलं असतं कुठेतरी. आयसीयूच्या बाहेर एक बाकडं होतं, त्यावर आधीच दोघं झोपले होते.

…नाही, टोमणा नाही. खरंच झोपले होते.

हो काका, आले… हो, गुरुजींना म्हणावं दोन मिनिटं. पुष्करचा आहे… नाही, नाही येऊ शकत तो. मी सांगते नंतर… काका, मी सांगितलं ना, मडकं मी धरणार. आता तो विषय नको.

हं, बोल… काय?… बघायचंय.

…

लाव. लाव व्हिडिओ… काका, जरा बाजूला होता का? त्याला बघायचंय… नको, फोन मीच धरते.

दिसतोयस. अरे, हे डोळ्यांभोवती काय?… मास्कचं होय. तेवढंच गोरं राहिलंय, बाकी चेहरा भाजून निघालाय तुझा. असाच येऊ नकोस, काहीतरी लाव त्याला.

हे बघ. बाबा.

…जवळ नेते. सुशीलाबाईंनी न्हावी बोलावून दाढी करून घेतली. ‘मास्तर असे खुरटी दाढी घेऊन कधी बाहेर पडले नाहीत’ म्हणाल्या… शाल तुझीच आहे, तू आणलेली. कधी पांघरली नाही, टोचते म्हणायचे. आज मी घातली.

झालं?… अजून?… बरं, बघ.

…

काय?… शेवटी काही म्हणाले का?… म्हणाले. पण आत्ता नको विचारूस.

पुष्कर, नको. परवा आलास की सांगते.

…हट्ट तसाच आहे तुझा. ऐक मग. काल रात्री जरा भ्रमात होते. आपण मांजरी गावातल्या विहिरीवर आहोत असं वाटत होतं त्यांना… हो, तीच. पाठीला डबा बांधून तुला पोहायला सोडायचे ती. पहाटे मला आत बोलावलं, तर नर्सचा हात धरून विचारत होते, ‘पुष्कर वर आला का?’ मी म्हटलं, आला बाबा. जरा वेळानं परत, ‘अगं, किती वेळ झाला, वर आला का तो?’ आला, म्हटलं. काठावर आहे. अंग पुसतोय. मग हात सोडला त्यांनी.

…

पुष्कर.

तेव्हा तू खरंच पाण्यात होतास. मला हे आत्ता, तुझ्याशी बोलताना कळतंय. मी आपलं भ्रम म्हणून काहीतरी उत्तर देत होते.

…अरे बस खाली. स्वराली आहे ना जवळ? तिला दे… बरं, नको देऊस. पाणी पी. बस.

नाही. शिव्या द्यायला माझ्याकडे आता काही नाही. आणि माफ वगैरेही विचारू नकोस, ते मला आज जमायचं नाही. पुढे कधी जमेल का, तेही माहीत नाही. मी आज त्याचा विचार करणार नाहीये.

हो काका!… उचलतायत रे. जायला हवं.

ये तू. तुझा दिवस पुरा कर आणि नीट ये. आता कसली घाई आहे?

…काय चालू ठेवू? हे? वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत?… नाही. कोणाकडे देऊ नि कशाला? आणि मी नाही धरू शकत, पुष्कर. मला दोन्ही हात लागणार आहेत.

ठेवते.