चुन्याची ताल

(कुरवंडे. पाऊस जरा उघडलाय. ओढ्याकाठी मुक्ताबाईचं भातखाचर. तिचा धाकटा दीर भिमाजी पाटी घेऊन बांधावर उभा. वरच्या अंगाला त्याचं खाचर आणि त्याची फुटलेली ताल, म्हणजे माती अडवणारा दगडी बांध.)

भिमाजी : हसा वैनी, हसा. ताल फुटल्यापासनं सारं गाव हसून गेलं, तुमीच ऱ्हायला हुता.

मुक्ताबाई : हसू कशाला? पर दगडी तालीला चुना लावायचं कुनी सांगितलं?

भिमाजी : कोन सांगनार? माजीच अक्कल. वळवणच्या धरनाव दोन साल दगूड वाह्यलं, तर वाटलं आपून इंजनेर झालो. डोक्याव पाटी हुती, ह्ये इसरलो. सायेब दगडात फट ठिवीत न्हवता. म्हनलं, आपल्या वाडवडलांना येवढंबी कळलं न्हाई!

मुक्ताबाई : अवो, धरनाला पानी आडवायचं असतंय. ताल फटीतनं पानी सोडून देती, तवा गाळ मागं बसतो.

भिमाजी : कळलं, पर फुटल्याव. डोंगर झिजून झिजून आज्याच्या येळंपासनं साठल्याली माती, एका दुपारीत खाली तुमच्याकडं आली. जड मुरूम तेवढा माज्यापाशी ऱ्हायला. माजा सोबती! रोप घरामागं हाय म्हून वाचलं, पर लावू कुटं? कपाळाव?

मुक्ताबाई : म्हून पाटी घिऊन आलाय व्हय? माती न्यायला?

भिमाजी : आलतो खरा. आता लाज वाटतीया.

मुक्ताबाई : वाटनीत ह्यो खडक माज्या पदरात टाकला, तवा न्हाई वाटली.

भिमाजी : तवा शाना हुतो ना मी.

मुक्ताबाई : भावजी, तुमचा गाळ आला त्यो माज्या रोपाव बसला. एक काडी वर न्हाई. सकाळधरनं हितं बसून रडतीया. माती लय झाली, लावायला काय न्हाई.

भिमाजी : आन् मी तुमालाच हसा म्हनतोय! वैनी, माजं सारं रोप हितं लावा. भात तुमचं. मला पेंढा टाका, तेवढीच माजी लायकी.

मुक्ताबाई : पेंढा बैलाला. भात निम्मं निम्मं. आन् पाऊस सरला की तुमची ताल पुन्यांदा रचू. बिनचुन्याची.

भिमाजी : तिच्यामागं माती साठायला माजा जलम जाईल.

मुक्ताबाई : जाऊ द्या. तवर दोनी घरं ह्याच खाचराव जेवतील.