काठी उभी राहील तिथपर्यंत

हसा, हसा! तुमच्या डोक्यावर सरळ छत आहे, तुम्ही हसणारच… माझं डोकं बघा, इथे, भांगाशेजारी, हे टेंगूळ! चार वर्षांचं आहे. रोज सकाळी अंथरुणातून मान वर काढली की धाड! कारण काय, तर खोली माळ्यावरची, छत दोन्ही बाजूंनी उतरत खाली आलंय, आणि सरळ छताच्या खोल्या आमच्यासारख्यांनी विचारलं की तासाभरापूर्वीच गेलेल्या असतात.

तुम्हाला सांगतो, बायको-पोरीला या देशात आणायचं ना, तर जीव तुटतो का हे कोणी विचारत नाही. खोली किती, एवढंच. बारा चौरस मीटर! बरं, तेही ठीक. पण पुढची मेख ऐका… छत खाली आलं आणि माणूस ताठ उभा राहत नसला, की ती जागा मोजत नाहीत! अहो, मी तिथेच झोपतो! चार वर्षं ज्या जागेवर घोरतोय, ती जागा कागदावर नाहीच?

आणि मी काय मोठं मागितलं होतं हो? बंगला मागितला? मी आपला फरशीवाला. हिशोब साधा केला होता, वर्षात खोली, दोन वर्षांत बायको, आणि तिसऱ्या वर्षी चिमणीचं बोट धरून तिला शाळेत सोडून कामावर जायचं. निघालो तेव्हा ती रांगत होती. आता पाच वर्षांची झालीय. शाळेत बाईंनी विचारलं, बाबा कुठे असतात, तर म्हणाली, ‘आईच्या फोनमध्ये.’ हसा ना! मीही हसलो, मग भिंतीकडे तोंड करून बसलो.

तर अर्ज केला, मोजणीची तारीख आली. त्याआधी मी स्वतः तीनदा मोजलं. दिवसभर लोकांच्या खोल्या मोजतो मी, माझी पट्टी चुकेल? उतरती जागा सोडून बारा मीटर, आणि वर एक ताट मांडण्याइतकी. जमलं! बायको फोनवर रडली.

तिथे थांबायचं ना गप? पण नाही! हिनेच विचारलं, ‘अहो, जमीन कशी आहे तिथली? ही अनवाणीच फिरते.’ झालं! जमीन म्हणजे फळ्या, मध्ये खचलेल्या, कुसळं निघालेल्या. म्हटलं, मी फरशीवाला, आणि माझ्या पोरीच्या पायात कुसळ जाणार? लोकांच्या न्हाणीघरांतून उरलेल्या फरश्या मालकांना विचारून आणल्या, पाच जिने खांद्यावरून चढवल्या. निळी, पांढरी, करडी, मिळेल ती. चार रविवार गुडघ्यांवर! सिमेंटचा माल थापला, खच भरला, लेव्हल लावली… अशी बसवली, अशी बसवली की वाटी ठेवा, पाणी हलणार नाही. कडेला, उतरत्या छताखाली, एकच पिवळी. ती चिमणीची.

मोजणीच्या बाई आल्या. चांगल्या होत्या हो. दारातच म्हणाल्या, ‘अरे वा, किती सुंदर फरशी!’ मी फुगलो. मग त्यांनी काठी काढली. त्यांची ठरलेल्या उंचीची काठी असते. ती उभी धरायची, सरकवत न्यायची, छताला टेकली की खडूची रेघ. त्यापुढे? मोजत नाहीत! काठी सरकली… सरकली… आणि मी मोजलं होतं त्याच्या जरा आधीच टेकली. दुसऱ्या बाजूला, तीच गत.

मी म्हटलं, ‘बाई, छत तर तेच आहे!’

त्या म्हणाल्या, ‘छत तेच आहे. जमीन वर आलीय.’

तीन बोटं! माल आणि फरशी मिळून तीन बोटं! आयुष्यभर लोकांना सांगत आलो, फरशी घातली की दार खालून कापावं लागतं. दार आठवलं, छत नाही आठवलं! एका पाटाएवढी जागा कमी भरली. ‘पुढची मोजणी वर्षाने,’ बाई म्हणाल्या, आणि जाताना पाय पुसून गेल्या.

आता छन्नी घेऊन बसतो रविवारी. निघते का? निघत नाही! माझंच काम, मलाच दाद देत नाही. चिमणीने फोनवर बघितलं. ‘बाबा, माझी पिवळी फोडू नका हं.’ म्हटलं, नाही फोडत, ती जागा मोजतच नाहीत. तर म्हणते, ‘का? मी उभी राहते की तिथे!’

खरंच की! तिच्या उंचीइतकी पट्टी लावून बघितलं. राहते हो, ताठ उभी राहते, वर चार बोटं उरतात! कागदावर नसलेल्या जागेत माझी पोर आरामात मावते.

फक्त मोजणी वर्षाने आहे… आणि बायकोने तिकडे घरी दाराच्या चौकटीवर चिमणीच्या उंचीच्या खुणा करून ठेवल्यात, त्या फोनवर बघितल्या मी. वर्षाला चार बोटंच वाढते ती.