रेघ सरळ होती

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेले सासरे आणि सोबत सून. दोघांचा धंदा एकच, मशीन फिरवून बॉयलरच्या पत्र्याची जाडी तपासायचा. एवढं बाईंना एव्हाना कळलं होतं.

“कालचा बॉयलर कसा निघाला?”

“ठणठणीत, बाबा. पडद्यावर जाडीची रेघ अगदी सरळ.”

“पडद्याची डेप्थ किती ठेवली होतीस? वरपासून खालपर्यंत किती जाडी मावेल एवढी?”

“आधीच्या कामाची होती तीच. शंभर मिलिमीटर.”

“आणि पत्रा?”

“दहाचा.”

“अगं, शंभरच्या पडद्यावर दहातले तीन झिजले, तर रेघ कितीशी हलणार?”

“आकडेही घेतलेत ना मी.”

“किती ठिकाणी?”

“चार. मधलं रेघ बघून सोडलं.”

“हं.”

“हं काय, बाबा? बोला ना.”

“मी काय बोलू? डेप्थ पंधरावर आण आणि पुन्हा फिरव. पेटवणार कधी?”

“बारा वाजता. पण तुमचं ऑपरेशन?”

“मोतीबिंदू कुठे पळून जातोय? फोन करून थांबव त्यांना, आणि नीघ. तुझ्या सहीच्या भरवशावर चार माणसं तिथे उभी राहणार आहेत.”

सून फोन कानाला लावूनच जिना उतरली. तेवढ्यात नर्स आली.

“आजोबा, चला. सोबत कोण आहे?”

“सून होती. कामाला गेली.”

“मग आज नाही घेता येणार. सोबतच्या माणसाची सही लागते.”

शिंपीणबाईंनी पिशवी काखोटीला मारली.

“मी आहे की. कुठे करायची सही?”