अभिनंदनाचा बॅनर

नाई जी सुधाकरराव, रंगाचं काई नाई, रंग झकास हाय — बॅनरच छापू नका म्हनून राह्यलो मी. पूर्ण रद्द. हो, हाच, ‘शारजाला नोकरीवर परत निघाल्याबद्दल हर्षदीपचे हार्दिक अभिनंदन’ — जोरात नका वाचू ना, दुकानात मानसं हायेत. काऊन म्हंजे? फोटो बराबर नाई आला. गॉगल लावला का मी मलेच ओळखू येत नाई. दुसरा फोटो? हाय ना मोबाईलमदे, पन — तसं नाई. मंगळवारी माझं विमान, बुधवारी तुमी हे आपल्या गावात, जैनथच्या चौकात टांगान, मी तर पाहाले नसनच. मंग कोनासाठी? — मालूम हाय, मागं गावात राह्यलेल्यायसाठी असते ते. पन मागचेच तर... तुमी आधी ती मशीन बंद करा ना. त्या आवाजात बोलता येत नाई.

हे पाहा, कायद्याची अडचन हाय. यावेळचा व्हिसा फिराचा हाय. विमानतळावर खिडकीतला साहेब इचारते, कायले चालले? — तर म्हनाचं, फिराले, भावाकडे. एजंटानं पाठ करून घेतलं माझ्याकडून, भावाचं नाव काय, राहाते कुठं, सगळं. मले तर भाऊच नाई जी! आन इकडे चौकात नोकरीचा बॅनर, कोनी फोटो काढून मोबाईलवर फिरवला, तर? — आता तुमी म्हनान, नोकरी हाय तर फिराचा व्हिसा काऊन. हं. तुमी इचारलं का मीच म्हनलं? नाई ना नोकरी. चार महिन्याआधीच गेली. बसू का जरा इथं?

एसीचे पत्र्याचे पाइप बसवाचं काम होतं, तीन वर्सं केलं. एक दिवस कंपनीले कुलूप. व्हिसा रद्द, दोन महिन्यात दुसरं काम पाहा नाईतर देस सोडा. पाह्यलं ना! रोज इस्तरीचा शर्ट घालून, कागदाची फाईल काखेत, उन्हातानात पायी — आज या, उद्या या, फोन करतो. तेलंगणावाल्यायची संघटना हाय तिथं, भले लोक, जेवाले देल्लं त्यायनं. पन कामाची गोष्ट निघाली का तेलुगूत बोलनार, आन माझं तेलुगू म्हंजे शाळेतलं, पास होन्यापुरतं. त्यायले वाटे, हा महाराष्ट्राचा, घुसला आपल्यात. मंग मराठी मंडळात गेलो. तिथल्या बाई गोड बोलल्या, चहा देल्ला, आन पासपोर्ट पाहून म्हनल्या, अहो, तुम्ही तर तेलंगणाचे, तुमची संघटना वेगळी आहे ना. इथं सीमेवर, आदिलाबादेत आपन कधी इचार केला का, आपन कोनाचे म्हनून? तिथं रोज करा लागे. शेवटच्या हप्त्यात तर कोनी नाव इचारलं तरी मी आधी मागं वळून पाहे. वर्दीवाला दिसला का मी गल्लीत वळे — कागद खिशात असून! भेव म्हंजे काय, ते तिथं समजलं मले. आन यावेळी तर कागदही फिराचाच हाय. ‘आधी ये, मंग पाहू’ म्हनते एजंटाचा तिथला मानूस. त्याले मी पाह्यलंही नाई.

घरी? घरी सुट्टीवर हाय ना मी. आल्या दिवशी तसंच सांगतलं. माय माझी, बयनाबाई, गल्लीभर सांगून आली, पोराले दोन महिन्याची सुट्टी देल्ली कंपनीनं. आन प्रगती — बायको माझी — तिनंच तर हा बॅनर देल्ला तुमच्याकडे, महिला मंडळाच्या नावानं. दर रविवारी विहारात वंदनेले बसतो आमी दोघं. खोटं बोलनार नाई, असं येते ना त्यात, तिथं माझा आवाजच निघत नाई. नुसते ओठ हालवतो. ती बाजूलेच असते. तिले समजलं नसन का? आन तुमी वर बुद्धांचा फोटो लावला, त्याच्याखाली हे सगळं. मले पाहावत नाई. बॅनर नाई लागला, तर तिकडे काम नाई भेटलं तरी मी गुपचूप वापस येऊ शकीन. लागला का कसा येऊ? कोन्या तोंडानं येऊ त्या चौकातून?

जाऊच नको म्हनता? हो, मलेही तसंच वाटून राह्यलं आता, तुमाले सांगतलं तर हलकं वाटलं. आजच सांगतो प्रगतीले. इथंच काई पाहू म्हनतो. शब्द देतो, तुमी फक्त — हे काय, फोन कोनाले? ज्यानं ऑर्डर देल्ली त्यालेच इचारून रद्द करा लागते — बरोबर हाय, दुकानाची रीत हाय तुमची, पन मी सांगतो ना घरी जाऊन, माझ्या पद्धतीनं, थांबा — रद्द म्हनून नका सांगू तिले, सुधाकरराव, ऐका —

हॅलो. हो, मीच. बॅनरच्या दुकानात... नाई, रद्द कोन म्हनलं? त्यायले उलटं समजलं... रडून राह्यली का तू? ...काय खरं सांगू? ...सगळं खरंच तर हाय, प्रगती. ...हो. ...मंगळवारीच.

घ्या तुमचा फोन. छापा. माझ्याकडे असं नका पाहू जी, छापा म्हनलं ना.